कुत्र्यांत पहिल्या वेळी जुळतं

साहेब, त्या सकाळी मी सुया उकळायला ठेवल्या होत्या. खोली झाडून झाली होती, लोखंडी टेबल फिनेलच्या पाण्याने पुसून झालं होतं आणि स्टोव्हला पंप मारून मारून माझा खांदा नेहमीसारखा भरून आला होता. बाहेर लोखंडी खोड्यात एक म्हैस बांधलेली होती, तिचा मालक बाजूला उकिडवा बसून बिडी ओढत होता. कंपाउंडर मीटिंगसाठी जळगावला गेलेले. तुम्ही आदल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं, "बाई, उद्या तुम्हीच माझा उजवा हात." मी मान हलवली होती, पण मला ते आवडलं नव्हतं. माझं काम झाडायचं, पाणी भरायचं, जनावर धरायचं. रक्ताचं काम निघालं की कंपाउंडर पुढे व्हायचे आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. तुम्हाला ते दिसत होतं, पण तुम्ही त्यावरून मला कधी बोलला नाहीत.

तांबडा फाटकाशी बसला होता. तुम्ही भडगावला बदलून आलात तेव्हा तो तिथे होताच, त्यामुळे तुम्हाला तो दवाखान्याचाच कुत्रा वाटला होता. तो आमच्या घरचा. माझ्या मालकांनी गिरणा नदीच्या वाळूतून उचलून आणलेलं पिल्लू. ते या दवाखान्यात ड्रेसर होते, रोज सकाळी तो त्यांच्या सायकलमागे पळत यायचा आणि संध्याकाळी मागे पळत जायचा. ते गेले, तरी हा सकाळी निघायचा राहिला नाही. त्यांच्या जागेवर मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी पदर डोक्यावर ओढून मी त्याच्याच मागे चालत आले. बाजारपेठेतून जायचं की मारुतीच्या बाजूने, ते त्याने ठरवलं.

म्हशीच्या मालकाने बिडी विझवली तेवढ्यात रस्त्यावरून सायकल आली. चालवत कोणी नव्हतं. एक म्हातारा ती हाताने धरून पळवत आणत होता आणि कॅरिअरवर पोत्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. नदीकाठच्या केळीच्या बागेचा राखणदार, आपण सगळे त्यांना नाना म्हणायचो. पोत्यातून टपटप पडत होतं. मला आधी वाटलं पाणी आहे.

"डॉक्टरसाहेब, रानडुक्करनी फाडी टाकी हो. मनी कुत्री."

"केव्हा?"

"सकायले. पानी भरता भरता. मी व्हतो त्या सरीमा, हाई मना पुढे पयनी."

त्यांच्यावर आलेलं डुक्कर तिने अंगावर घेतलं होतं. काळी, मध्यम बांध्याची कुत्री, मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला सुळा लागलेला. नानांनी मांडीच्या वर केळीच्या वाळलेल्या सोपटाचा पट्टा काढून करकचून बांधला होता. केळीचे घड बांधायला हीच सोपटं वापरतात, नानांच्या हाताला ती गाठ पाठ होती. तुम्ही गाठ बघितलीत आणि म्हणालात, "नाना, हे कोणी सांगितलं बांधायला? चांगलं केलंत." तुम्ही हात धुवायला वळलात. कुत्री कण्हत होती, पाय निळसर पडला होता, आणि नानांनी वाकून ती गाठ सोडली.

मी ते बघितलं, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. आयुष्यभर ते बागेतला केळीचा माल बांधून पोचवत आले होते. माल पोचला की दोर सोडायचा. नंतर ते म्हणालेही, "आते पोहची गऊत ना, कायले बांधी ठेवानं तिले." जखमेतून रक्ताची चिळकांडी उडाली ती थेट माझ्या ओच्यावर. तुम्ही ओल्या हातांनीच आलात आणि जखमेत बोट घातलंत. "बाई, चिमटा. तो नाही, वाकडा." चिमटा उकळत्या पाण्यात होता. मी हात घातला. बोटं भाजली ते मला संध्याकाळी कळलं.

शीर सापडून दोऱ्याने बांधेपर्यंत टेबलाखाली थारोळं साचलं होतं. मग तुम्ही तिचा ओठ वर करून मला दाखवला. हिरड्या वेचून ठेवलेल्या कापसासारख्या होत्या. तुम्ही अंगठ्याने दाबून सोडलंत. माझ्या नखावर दाबून सोडलं की गुलाबी परत येतं, तिच्या हिरडीवर आधीही काही नव्हतं आणि नंतरही काही आलं नाही. कान गार, पंजे गार. दुसऱ्या मांडीत तुम्ही माझी बोटं धरून नाडीवर ठेवलीत. दोरा थरथरावा तसं काहीतरी हलत होतं, इतकं जलद की मोजता येईना. "हृदय पळतंय," तुम्ही म्हणालात, "पण पळवायला आत काही उरलेलं नाही." पायाची शीर दबून गेली होती, म्हणून मानेच्या शिरेत सुई लावलीत आणि सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला टांगली.

मी बाटलीकडे बघत राहिले. थेंब पडतात, थेंब पडतात. थोड्या वेळाने हिरडीवर अगदी पुसट रंग आल्यासारखा वाटला. नाना म्हणाले, "उनं, उनं." तुम्ही बाहेर म्हशीच्या मालकाला थांबायला सांगायला गेलात, आणि मला राहवलं नाही. एवढा रंग एवढ्या पाण्याने आला तर जास्त पाण्याने जास्त येईल, असं मला वाटलं. मी नळीवरचं चाक पूर्ण उघडलं. तुम्ही आत आलात, बाटलीतले बुडबुडे बघितलेत आणि माझा हात झटकून चाक फिरवलंत. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर असे ओरडला नव्हता. "बाई, तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या ना? पाटाला एकदम पाणी सोडलं तर काय होतं?" मी म्हटलं, "बांध फुटतो." "मग? जखमेवर आत्ता कुठे गुठळी बसतेय. नळ्या ताणून भरल्या की ती वाहून जाईल. आणि यात रक्त नाही. जे थोडं राहिलंय ते आणखी पातळ होईल. पाण्याला लाल करता येत नाही." नंतर आवाज खाली आणून म्हणालात, "सुरुवातीला लागतं, आता हळू."

जखमेवर दाबलेला बोळा मी उचलला. त्यावरचं रक्त खरंच पातळ दिसत होतं, कुंकवाच्या पाण्यासारखं. हिरडीवरचा रंग पुन्हा गेला. तिचा श्वास उथळ झाला, जीभ बाहेर आली. तुम्ही चष्मा काढून पुसलात, परत घातलात, परत काढलात. तुम्ही घाबरलात की चष्मा पुसता हे मला त्या दिवशी समजलं. त्याने माझी भीती आणखी वाढली. मग तुम्ही कपाटातून एक बाटली काढलीत, रबरी बुचाची, तळाशी थोडं पाण्यासारखं औषध असलेली. रक्त गोठू नये म्हणून असतं ते. जळगावहून आणून ठेवली होती, कधी लागली नव्हती. "मी हे शिकताना पाहिलंय," तुम्ही म्हणालात. "केलेलं नाही." ते कोणाला सांगत होता कोण जाणे. मला की स्वतःला.

मग तुम्ही फाटकाकडे बघितलंत.

"बाई, तांबड्याचं वय किती?"

"नाही," मी म्हटलं.

"मी अजून काही विचारलं नाही."

"तरी नाही, साहेब."

"तुमचा कुत्रा आहे," म्हणालात. "तुम्ही नाही म्हटलं तर नाही. रस्त्यावरचा धरता येईल, पण त्याच्या अंगात काय आहे ते मला माहीत नाही. गोचिडांचा ताप असला तर तोही हिला जाईल." एवढंच बोललात. दार अडवून उभा असलेला म्हशीचा मालक म्हणाला, "काय साहेब, आता कुत्र्यांची रक्तपेढी निघनी का?" कोणी हसलं नाही.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता पाया पडतील, आणि पडले असते तर मी आणखी घट्ट झाले असते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे माय. जेनं तेनं लेकरू ऱ्हास." मग सदऱ्याची बाही वर सारून त्यांनी आपला हात तुमच्यापुढे धरला. वाळकी काडी, त्यावर हिरव्या शिरा. "मनं ल्या डॉक्टरसाहेब. म्हतारं शे, पन लालच शे."

"नाना, माणसाचं चालत नाही हो तिला."

"काबर? एकच भाकर खातस आम्ही दोन्ही."

साहेब, तेव्हा मी बाहेर निघून गेले. तुम्हाला वाटलं असेल, रागावले. मी पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभी राहिले. तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, आणि तुम्हीही माझे मालक कसे गेले हे विचारलं नाहीत. "अपघातात" एवढं तुम्हाला ऑफिसातून कळलेलं होतं. ट्रकने सायकल उडवली. जखम बाहेर दिसत नव्हती, पोटात रक्तस्राव होत होता. जळगावला नेलं तेव्हा ते बोलत होते, माझी पिशवी कुठे आहे विचारत होते. त्यांचा चेहरा त्या कुत्रीच्या हिरडीसारखा होता. तिथे बाटली लावली, पाण्याचीच, आणि तिथले डॉक्टर म्हणाले, रक्त आणा, पेढीत त्यांच्या गटाचं नाही. मी हात पुढे केला. असाच, बाही वर सारून. एका मुलीने बोटाला टोचलं, काचेवर थेंब घेतला, आत गेली. मी बाकावर बसून होते. बाहेर आली आणि म्हणाली, "तुमचं जुळत नाही." मी म्हटलं, नवरा आहे माझा. ती म्हणाली, "त्याने जुळत नाही, ताई." थोरले दीर सोबत होते, त्यांना नुकतीच कावीळ होऊन गेलेली, त्यांचं घेतलं नाही. धाकटे गावाहून निघाले होते. ते पोचले तेव्हा काम उरलं नव्हतं.

त्यानंतर कोणाच्या अंगातून रक्त काढणार म्हटलं की मला ती काच दिसायची. आणि तांबडा म्हणजे घरात त्यांच्या हातचं राहिलेलं शेवटचं जितं जागतं. त्याला सुई लावायची, तो टेबलावर आडवा पडायचा आणि त्याचे डोळे पांढरे व्हायचे, हे मी टाकीशी उभी राहून आधीच बघत होते. तो फाटकाशी माशा हाकलत बसला होता. त्याला काही माहीत नव्हतं. आत म्हातारा अजून हात पुढे धरून होता की खाली घेतला होता, ते मला दिसत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की हात पुढे करून उभं राहिल्यावर "चालत नाही" हे ऐकणं कसं असतं ते त्या आवारात दोघांनाच माहीत होतं.

मी आत आले आणि विचारलं, "किती घ्याल?"

"वजन करून. तो आपल्या पायाने चालत घरी जाईल एवढंच. त्याच्या वर एक थेंब नाही."

"आणि नाही जुळलं तर?"

तुम्ही म्हणालात, "कुत्र्यांतही गट असतात. पण कुत्र्यांत पहिल्या वेळी बहुतेक जुळतं. त्यांचं अंग पहिल्यांदा परकं रक्त सहसा धरून घेतं. दुसऱ्यांदा दिलं तर ओळखतं आणि मारायला उठतं. तरी आपण बघून घेऊ."

तुम्ही ते मला धीर यावा म्हणून सांगितलंत. मला इतका राग आला की ओठ चावला. कुत्र्याला पहिल्यांदा माफ आहे. हे असं कोणी ठरवलं, हे मी नंतर बरीच वर्षं वाचत राहिले. वाचनालयात शरीरावरचं जे काही मराठीत मिळेल ते आणलं. का आहे ते आता थोडंफार समजतं, कोणी ठरवलं ते कुठे लिहिलेलं नाही.

शेजारच्या खताच्या दुकानातून काटा आणला. तांबड्याला पोत्यावर बसवून वजन केलं, तो शहाण्यासारखा बसला. तुम्ही त्याचे कान, डोळे, पोट, हिरड्या बघितल्यात, थर्मामीटर लावलंत. दोघांचं थोडं थोडं रक्त काचेच्या नळ्यांत घेतलंत. कुत्रीच्या नळीत वर पिवळट पाणी यायची वाट बघत बसलो. नाना तिच्या कानात काहीतरी बोलत होते. तिचा श्वास चालू आहे का ते बघायला मी तिच्या नाकाशी हात धरायचे आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता नाही येणार. मग तुम्ही काचेच्या पट्टीवर तो पिवळा थेंब आणि तांबड्याचा थेंब एकत्र केलात. "बाई, खिडकीशी या. तुमची नजर चांगली आहे. हळू हलवायचं. दूध फाटल्यासारखं रवाळ झालं तर नाही. एकसारखं राहिलं तर चालेल."

ती पट्टी तुम्ही माझ्या हातात दिलीत, साहेब. मी ती उजेडात धरली. थेंब आपोआपच हलत होता, मला हलवायला लागलं नाही. मी पापणी लवू दिली नाही. प्रत्येक क्षणी मला तो फाटताना दिसायचा आणि परत नीट बघितलं की एकसारखाच असायचा. जळगावला आतल्या खोलीत असाच माझा थेंब कोणीतरी बघितला असेल. त्याने किती वेळ बघितला? घाईत नसेल ना? हा विचार त्याआधी मला कधी आला नव्हता, त्या दिवशी आला आणि नंतर गेला नाही.

"काय दिसतं?"

"एकसारखं आहे."

तुम्ही स्वतः बघितलंत, मान हलवलीत.

तांबड्याच्या मानेवरचे केस कापले. मी त्याला कुशीवर निजवून त्याचं डोकं माझ्या हाताच्या बेचक्यात धरलं. सुई जाड होती. तो एकदा गुरगुरला, मी "अरे, अरे" म्हटलं आणि तो गप्प झाला. बाटली खाली धरायची आणि सारखी सावकाश गोल फिरवत राहायची, म्हणजे औषध रक्तात मिसळतं. ते काम नानांना दिलंत. म्हातारा जमिनीवर मांडी घालून, ताक ढवळतात तसा जीव लावून ती बाटली फिरवत होता. लाल धार काचेवरून उतरत होती. मी या वेळी भिंतीकडे वळू शकत नव्हते, माझ्या हातात त्याचं डोकं होतं. मी त्याची हिरडी बघत राहिले. गुलाबी. गुलाबी. थोडी फिकी झाली का? "साहेब, बास." "अजून थोडं." "साहेब." "बाई, मी बघतोय." खुणेपाशी आल्याबरोबर तुम्ही सुई काढलीत आणि मला बोटाने दाबून धरायला सांगितलंत. मी सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ दाबून धरलं. मग तुम्ही बाटली उचलून जरा माझ्या हातात दिलीत, गज मोकळा करेपर्यंत. ती ऊन होती. चुलीपुढे निजलेल्या कुत्र्याच्या पोटाइतकी ऊन.

पहिले थेंब तुम्ही अगदी मोजून सोडलेत. मला सांगितलंत, ओठ सुजतात का बघा, अंगावर गांधी उठतात का, उलटी येते का, थरथरते का. मी तिच्याकडे आणि तांबड्याकडे आळीपाळीने बघत होते, तो कोपऱ्यात पोत्यावर मान टाकून पडला होता. आणि तिला थरथर सुटली. आधी कातडी, मग खांदे, मग सगळं अंग. नाना उठून उभे राहिले. तुम्ही चाक बंद केलंत. म्हशीच्या मालकानेसुद्धा तोंडातली बिडी काढली. मी मनात म्हणत होते, जुळलं नाही, मी बघितलं आणि चुकीचं बघितलं, माझ्याच डोळ्यांनी हिला मारलं. तुम्ही थर्मामीटर लावून खिडकीशी गेलात. ताप नव्हता, उलट अंग गारच होतं. ओठ सुजले नव्हते. "थंडीने असेल," तुम्ही म्हणालात, पण चष्मा पुसत होता. स्टोव्हवरच्या गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना लावल्या. नानांनी डोक्याचं पागोटं सोडून तिच्यावर घातलं. थरथर कमी होईपर्यंत तुम्ही थांबलात आणि मग चाक पुन्हा उघडलंत, पहिल्यापेक्षाही हळू. तुमचा हात त्या चाकावरून निघालाच नाही. त्या दुपारी तुम्ही जेवला नाहीत, म्हैस तशीच खोड्यात उभी राहिली आणि तिच्या मालकाने कुरकुर केली नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "बघा." ओठ वर केला. लाल म्हणवत नव्हतं, पण गावरान गुलाबाच्या पाकळीची आतली बाजू असते तसं काहीतरी होतं. अंगठ्याने दाबलं, पांढरं झालं, आणि सावकाश परत आलं. तिने डोळा उघडला, नानांना शोधलं, आणि पागोट्याखाली शेपटी एकदा आपटली.

"आते हाई तांबड्याची बहीण व्हयनी," म्हशीचा मालक म्हणाला.

"व्हऊ दे," नाना म्हणाले. "राखी बांधसूत." आणि पागोट्याच्या टोकाने तोंड पुसायला लागले, बराच वेळ पुसत राहिले.

ती जगली. लंगडायची, पण बागेत फिरायची, तुमची नंदुरबारकडे बदली झाल्यावरही मी तिला बघितलं. तुम्हाला ते कोणी कळवलं की नाही, ठाऊक नाही. तांबडा त्या दिवशी आपल्या पायाने घरी आला, पण मधे दोनदा बसला. तो बसला की मी रस्त्यातच बसून त्याचा ओठ वर करायचे. लोक बघत होते. दिवेलागणीला तुम्ही आमच्या दाराशी आलात, दुधाचं भांडं आणि अंडी घेऊन. साहेबलोक आमच्या गल्लीत येत नसत. तुम्ही उंबऱ्याशी वाकून त्याच्या हिरड्या बघितल्यात, नाडी बघितलीत, आणि म्हणालात, "छान आहे. पाणी भरपूर पाजा. आठवडाभर पळवू नका." मग उभ्या उभ्या विचारलंत, "बाई, सकाळी एवढ्या का घाबरलात? कुत्र्यासाठी वाटलं नाही मला."

मी म्हटलं, "तसंच काही नाही." तुम्ही परत विचारलं नाहीत. मी रजा मागितली, दिराकडे कार्यक्रम आहे म्हणून. "घ्या," म्हणालात, "उद्या कंपाउंडर आहेत." जाताना म्हणालात की डोळे उघडे ठेवून उभ्या राहिलात, ते बरं केलंत. माझ्या नोकरीत मला मिळालेलं बक्षीस म्हणाल तर तेवढंच.

तुम्ही गेल्याचं मला धुळ्याच्या स्टँडवर कळलं, तुमच्या हाताखाली काम केलेल्या एकाने सांगितलं, महिना उलटून गेल्यावर. हृदयाचं होतं म्हणाला. तुमच्या घरी मला कोणी ओळखत नाही, आणि भेटून काय सांगणार होते. आता मी निवृत्त होऊन मुलीकडे धुळ्याला राहते. तांबडाही म्हातारा होऊन गेला, आपल्या मरणाने, चुलीपुढे. ती भीती मात्र गेली नाही. पुढेही तुमच्याबरोबर आणि तुमच्या मागून आलेल्यांबरोबर मी तशा बाटल्या धरल्या, आणि प्रत्येक वेळी पट्टी उजेडात धरली की थेंब तसाच आपोआप हलला. लोकांना वाटायचं, बाईंना सवय झाली. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. सवय झाली नाही, साहेब.

हे कुठे पाठवायचं नाही. वहीचे कागद आहेत, वाचून झाले की बंबात घालीन, नातवंडांच्या हाती नको. पण तुम्ही उंबऱ्याशी जे विचारलंत त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं ते वर लिहिलं आहे, आणि एक गोष्ट उरली. दिराकडे कार्यक्रम नव्हता. दुसऱ्या दिवशी तांबड्याला शेजारणीकडे ठेवून मी सकाळच्या गाडीने जळगावला गेले, सिव्हिलच्या त्याच बाकावर थोडा वेळ बसले, आणि मग आत जाऊन रक्त दिलं.